राउटरवरून लॅपटॉपवर फाइल जातच नाही, टीएफटीपी टाइम आउट होऊन राहिलं

हिंगणा_रोड
शनिवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. मी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आयटी पाहतो. मुळात मी डेस्कटॉप-प्रिंटरवाला माणूस, नेटवर्क अंगावर पडलं ते मार्चपासून, कारण आधी जे भाऊ होते ते नोकरी सोडून गेले आणि जाताना पासवर्डची एक वही अन् एक पेनड्राइव्ह हातात देऊन गेले. रॅकमध्ये एक सिस्को १९४१ राउटर आहे आणि तीन २९६० स्विच. यातल्या एकाच्याही कॉन्फिगचा, म्हणजे सेटिंगच्या फाइलचा, बॅकअप कुठेच नाही. पूर्ण वही चाळली, शेअर ड्राइव्हवरचे सगळे फोल्डर पाहिले, काहीच नाही. आता पावसाळा तोंडावर आला आणि आमच्या इकडे पहिल्या वादळात दरवर्षी काही ना काही जळतंच, म्हणून ठरवलं की आधी चारही डब्यांचा बॅकअप लॅपटॉपवर घ्यायचा आणि मग राउटरमध्ये आयओएसची (सिस्कोची ऑपरेटिंग सिस्टम) नवी इमेज टाकायची. इमेज कंपनीच्या सपोर्ट करारातून रीतसर डाउनलोड केलेली आहे, ७५ एमबीची आहे.

आता अडचण. राउटरच्या रिकाम्या गिगाबिट ०/१ पोर्टला १९२.१६८.५०.१ दिला, लॅपटॉपला १९२.१६८.५०.१०, मध्ये स्विच वगैरे काही नाही, सरळ केबल. पेनड्राइव्हवर टीएफटीपी (नेटवर्कवरून फाइल नेण्या-आणण्याची साधी पद्धत) सर्व्हरचा एक जुना प्रोग्रॅम होता तो लॅपटॉपवर चालू केला. कन्सोल केबलने पुटीवर (राउटरला कमांड द्यायचा प्रोग्रॅम) बसलो आहे, ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग टीएफटीपी’ देतो, तो पत्ता विचारतो, फाइलचं नाव विचारतो, मग एक-एक टिंब उमटत जातं आणि शेवटी एरर ओपनिंग, टाइम्ड आउट. पंधरा-वीस वेळा करून पाहिलं. लॅपटॉपवरून राउटर पिंग होऊन राहिला, म्हणजे उत्तर देऊन राहिला, केबल बदलून पाहिली, फायरवॉलपण बंद केला. उद्या कारखाना बंद आहे म्हणून हीच एक रात्र हातात आहे, नंतर महिनाभर कोणी राउटरला हात लावू देणार नाही. कोणी जागं असेल तर सांगा ना भाऊ, काहून होत असेल असं?

(कमांड सगळ्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहून राहिलो, मराठी कीबोर्डवर आहे.)

---

पॅकेट_पाहणारी
शनिवार, रात्री ११:०५

जागी आहे, सांगा. तीन गोष्टी विचारते, तिन्हींचं उत्तर द्या मग पुढे जाऊ.

एक, राउटरवरून लॅपटॉपला पिंग होतो का? तुम्ही उलटं सांगितलं, लॅपटॉपवरून राउटरला. इथे फाइल राउटरकडून लॅपटॉपकडे यायची आहे आणि बोलायला सुरुवात राउटर करतो, म्हणून त्या दिशेचं पिंग पाहिजे. दोन, फायरवॉल बंद केला म्हणता तर नेमका कोणत्या नेटवर्कसाठी? विंडोजमध्ये डोमेन, प्रायव्हेट आणि पब्लिक असे तीन वेगळे स्विच असतात. तीन, लॅपटॉपचा वायफाय चालू आहे का आणि टीएफटीपीच्या खिडकीत सर्व्हरचा पत्ता म्हणून कोणता आयपी दिसतो?

आणि टिंबांबद्दल. टिंब म्हणजे राउटरने पाठवलं आणि समोरून उत्तर आलं नाही. काम सुरळीत झालं की टिंबाच्या जागी उद्गारचिन्ह येतं. म्हणजे तुमचा राउटर त्याचं काम करतो आहे, वाट पाहून थकतो आहे.

---

हिंगणा_रोड
शनिवार, रात्री ११:१४

ताई खूप धन्यवाद एवढ्या रात्री उत्तर दिल्याबद्दल. राउटरवरून लॅपटॉपला पिंग केला, पाचपैकी शून्य!! हे मी तपासलंच नव्हतं, एका बाजूने झाला म्हणजे दोन्ही बाजूंनी होते असंच धरून बसलो होतो. फायरवॉलमध्ये प्रायव्हेटवाला बंद केला आहे, पब्लिकवाला चालू दिसून राहिला. वायफाय चालू आहे, त्यावरूनच तर इथे लिहितो आहे. टीएफटीपीच्या खिडकीत १९२.१६८.१.३४ दिसते, हा तर वायफायचा आयपी आहे.

पूर्ण कॉन्फिग इथे पेस्ट करू का? म्हणजे कोणाला पाहता येईल.

---

पॅकेट_पाहणारी
शनिवार, रात्री ११:२६

कॉन्फिग इथे अजिबात पेस्ट करू नका. त्यात पासवर्ड असतात, आणि ‘पासवर्ड ७’ असं लिहून पुढे जे आकडे-अक्षरं दिसतात ना, ते उलटं करून मूळ पासवर्ड काढणं अगदी सोपं आहे, तो नुसता झाकलेला असतो.

तुमच्या दोन्ही अडचणी सापडल्या. राउटरला सरळ केबल लावली की त्या जोडणीवर इंटरनेट नसतं, गेटवे नसतो, म्हणून विंडोज तिला ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’ म्हणतं आणि पब्लिकमध्ये टाकतं. पब्लिकमध्ये बाहेरून येणारं जवळपास सगळं अडवलं जातं, पिंगसुद्धा. तुम्ही बंद केला तो प्रायव्हेटचा, जो तुमच्या वायफायला लागू आहे. लॅपटॉपवरून राउटरला पिंग होतो कारण ते बोलणं लॅपटॉपने सुरू केलेलं असतं, त्याचं उत्तर फायरवॉल आत येऊ देतो.

पूर्ण फायरवॉल बंद नका करू. ‘अलाउ अ‍ॅन अ‍ॅप’ मध्ये जा, तुमच्या टीएफटीपीच्या प्रोग्रॅमला पब्लिकमध्येसुद्धा टिक करा. पोर्टचा नियम करायचा असेल तर यूडीपी ६९. पण मला प्रोग्रॅमला परवानगी देणं जास्त भरवशाचं वाटतं, कारण टीएफटीपीत पहिली हाक तेवढी ६९ वर येते, पुढचं बोलणं सर्व्हर दुसराच एखादा पोर्ट उघडून करतो. लॅपटॉपवर अँटिव्हायरस असेल तर त्याचा स्वतःचा फायरवॉल असतो, तोही पाहा.

मग त्या खिडकीत १९२.१६८.५०.१० निवडा. यादीत येत नसेल तर वायफाय बंद करून प्रोग्रॅम पुन्हा चालू करा आणि इथे फोनवरून लिहा. तरीही अडलं तर वायरशार्क (पॅकेट दाखवणारा प्रोग्रॅम) लावून त्या केबलवर यूडीपी ६९ चं पॅकेट येतं की नाही ते पाहा. येत असेल तर दोष लॅपटॉपमध्ये, येतच नसेल तर राउटरकडे जाऊ. अंदाजाने दहा सेटिंगं बदलण्यापेक्षा पॅकेट डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

---

हिंगणा_रोड
शनिवार, रात्री ११:४९

झालं ताई!!! दोन उद्गारचिन्हं आली आणि खाली बाइट्स कॉपीड! एका सेकंदात झालं हो, एवढ्यासाठी संध्याकाळी सातपासून बसलो होतो.

फाइल नोटपॅडमध्ये उघडली. पहिल्यांदाच पूर्ण कॉन्फिग एका जागी शांतपणे वाचून राहिलो. आधीच्या भाऊंनी एका पोर्टच्या डिस्क्रिप्शनमध्ये इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवलं आहे, ‘वजनकाटा, काढू नये’. दोन महिन्यांपासून मी त्या पोर्टची केबल कुठे जाते ते शोधून राहिलो होतो, छतातून जाते म्हणून शेवट सापडत नव्हता. गेटवरच्या वजनकाट्याला जाते ती. मागच्या आठवड्यात फालतू केबल समजून मी ती काढणारच होतो.

आता स्विच घेतो.

---

बुटीबोरी_नेट
शनिवार, रात्री ११:५८

भाऊ स्विचकडे जाऊन राहिले तर एक थांबा, हे वाचूनच पुढे जा.

स्विचचा नुसता रनिंग-कॉन्फिग घेऊन भागत नाही. व्हीलॅनची (एकाच स्विचमधल्या वेगळ्या-वेगळ्या नेटवर्कांची) यादी वेगळ्या फाइलमध्ये असते, फ्लॅशमध्ये, म्हणजे स्विचच्या कायमच्या मेमरीत, ‘व्हीलॅन डॉट डॅट’ नावाची. स्विच व्हीटीपी (स्विचांनी व्हीलॅनची यादी आपसांत वाटायची पद्धत) सर्व्हर मोडमध्ये असला, आणि मुद्दाम बदलला नसेल तर तो त्याच मोडमध्ये असते, तर व्हीलॅन नंबर अन् त्यांची नावं रनिंग-कॉन्फिगमध्ये येतच नाहीत. ‘शो व्हीटीपी स्टेटस’ करून मोड पाहून घ्या आणि ‘कॉपी फ्लॅश व्हीलॅन डॉट डॅट टीएफटीपी’ करून ती फाइलपण घ्या, तीन स्विचच्या तीन वेगळ्या नावांनी, नाही तर एकावर दुसरी चढेल.

मला हे कसं कळलं ते सांगतो. आमच्या प्लांटमध्ये जूनमध्ये वादळ झालं, वीज कुठे पडली देव जाणे पण शेडच्या बाहेरून आलेल्या तांब्याच्या केबलमधून झटका आत आला आणि २४ पोर्टचा स्विच गेला. वास येत होता जळाल्याचा. माझ्याजवळ कॉन्फिग होता, मी निवांत होतो. नवीन स्विच आणला, कॉन्फिग टीएफटीपीने स्टार्टअप-कॉन्फिगमध्ये टाकला, रीलोड केला, पाहतो तर ‘शो व्हीलॅन’ मध्ये कारखान्याचा एकही व्हीलॅन नाही. पोर्टवर लिहिलेलं बरोबर, अ‍ॅक्सेस व्हीलॅन ३०, पण ३० नंबर स्विचमध्ये अस्तित्वातच नाही म्हणून पोर्ट मुके. सकाळी सातची शिफ्ट येऊन उभी राहिली, हजेरीचं मशीन बंद, गेटवर दोनशे-अडीचशे माणसं उन्हात. मला व्हीलॅनचे नंबर आठवून-आठवून हाताने बनवावे लागले, एक नंबर विसरलो तो कॅमेऱ्याचा होता, तो दुपारी सापडला. त्या दिवशीचे सिक्युरिटीवाल्या काकांचे शब्द मी अजून विसरलो नाही, ते म्हणाले साहेब आम्ही रजिस्टरवर सह्या घेतल्या असत्या, पण तुम्ही आधी सांगितलं असतं तर.

म्हणून व्हीलॅन डॉट डॅट घ्या भाऊ. १०-१५ सेकंदांचं काम आहे.

आणि स्विचला लॅपटॉप लावताना दोन गोष्टी. ज्या व्हीलॅनला स्विचचा आयपी दिलेला आहे त्याच व्हीलॅनच्या पोर्टमध्ये लावा. आणि केबल लावल्या-लावल्या पिंग करून निराश होऊ नका, पोर्टफास्ट (पोर्ट लगेच चालू करायची सेटिंग) नसेल तर स्पॅनिंग-ट्री, म्हणजे नेटवर्कमध्ये लूप होऊ न देणारी सोय, पोर्टला ३० सेकंद थांबवून ठेवते, १५ लिसनिंगमध्ये अन् १५ लर्निंगमध्ये. दिवा हिरवा होऊ द्या, मग पिंग.

---

हिंगणा_रोड
रविवार, रात्री १२:४०

तिन्ही स्विच झाले, कॉन्फिग आणि व्हीलॅन डॉट डॅट, सहा फाइली. तिन्ही व्हीटीपी सर्व्हर मोडमध्येच होते. दादा तुम्ही वेळेवर आले, मी ती फाइल घेतलीच नसती.

आता राउटरची इमेज. ‘कॉपी टीएफटीपी फ्लॅश०’ दिली, उद्गारचिन्हांच्या ओळीच्या ओळी आल्या, मला वाटलं झालं, आणि अर्ध्याच्या आत येऊन टाइम आउट. पुन्हा केली, पुन्हा तिथेच. तीनदा केली. लॅपटॉपवरच्या खिडकीत दर वेळेस ३२ एमबीच्या आसपास थांबते. फ्लॅश २५६ एमबीची आहे, जागा आहे, पाहून घेतलं. केबलचा प्रॉब्लेम असता तर दर वेळेस वेगळ्या जागी थांबलं असतं ना?

---

जुना_लाइनमन
रविवार, रात्री १२:५५

अगदी बरोबर ओळखलं जी तुम्ही, दर वेळेस एकाच आकड्यावर थांबते म्हणजे केबल नाही, ते गणित आहे. मी या कामातून रिटायर झालो आहे पण झोप लवकर येत नाही, म्हणून नीट समजावून सांगतो, कारण हे एकदा समजलं की जन्मभर पुरते.

टीएफटीपी हे फार जुनं आणि फार साधं आहे. १९८१ मध्ये त्याचं लेखी रूप आलं, १९९२ मध्ये सुधारलं, पण मूळ हेतू एकच होता की एवढा छोटा प्रोग्रॅम पाहिजे जो मशीनच्या बूट रॉममध्ये मावला पाहिजे. म्हणून त्यात लॉगिन नाही, पासवर्ड नाही, फोल्डरमध्ये काय आहे ते पाहायची सोय नाही, फक्त ही फाइल दे किंवा ही फाइल घे. फाइलचे ५१२-५१२ बाइटचे तुकडे करायचे, एक तुकडा पाठवायचा, समोरचा मिळालं म्हणतपर्यंत थांबायचं, मग दुसरा. जो तुकडा ५१२ पेक्षा लहान आला तो शेवटचा. बैलगाडीतून एक-एक पोतं नेऊन पावती घेऊन परत यायचं, तसं काम आहे हे.

आता प्रत्येक तुकड्याला नंबर असतो आणि त्या नंबरला जागा दिली आहे १६ बिट. १६ बिटांत सगळ्यात मोठा आकडा ६५,५३५. त्याला ५१२ ने गुणा, ३,३५,५३,९२० बाइट होतात, म्हणजे ३२ एमबी. तुमची गाडी तिथेच येऊन थांबून राहिली. नवे सर्व्हर नंबर संपला की परत शून्यापासून मोजतात, जुन्यांना ते येत नाही. तुमच्या पेनड्राइव्हवरचा प्रोग्रॅम त्या काळचा असेल जेव्हा इमेजच दहा-पंधरा एमबीच्या असायच्या, त्याचाही दोष नाही.

यातून निघायचे रस्ते सांगतो. टीएफटीपीच वापरायचा असेल तर आजचा सर्व्हर घ्या, टीएफटीपीडी६४ फुकट मिळते, आणि राउटरवर ‘आयपी टीएफटीपी ब्लॉकसाइज १४६८’ लावा. तुकडा मोठा करायची सोय १९९५ पासून आहे, दोन्ही बाजूंना ती समजली पाहिजे एवढंच. १४६८ कसा आला तर इथरनेटचं पॅकेट १५०० चं, त्यातून आयपीचे २०, यूडीपीचे ८ आणि टीएफटीपीचे स्वतःचे ४ काढा. या मापाने तुमच्या ७५ एमबीचे साधारण ५३,६०० तुकडे होतात, म्हणजे ६५,५३५ च्या आतच बसते, शून्यावर परत यायची वेळच येत नाही. वेळही वाचते. ५१२ च्या मापाने १,५३,६०० फेऱ्या लागल्या असत्या, समोरासमोर केबल असली तर ठीक आहे, पण कोणी हेच व्हीपीएनवरून दुसऱ्या शहरातल्या ऑफिसला करायला गेला आणि एका फेरीला २० मिलिसेकंद लागले तर ५१ मिनिटं नुसती येण्या-जाण्यातच जातात, लाइन कितीही एमबीपीएसची असो.

माझी पसंती विचाराल तर तुम्ही राउटरजवळच बसले आहात, १९४१ ला यूएसबीचे पोर्ट आहेत, पेनड्राइव्ह फॅट३२ करून इमेज त्यात टाका आणि ‘कॉपी यूएसबीफ्लॅश० फ्लॅश०’ करून घ्या. नेटवर्कची भानगडच नाही.

---

पॅकेट_पाहणारी
रविवार, रात्री १:०८

काकांनी सांगितलेलं गणित एकदम बरोबर, पण पेनड्राइव्हबद्दल मी थोडं वेगळं म्हणेन. जुने पेनड्राइव्ह धोका देतात आणि पुढच्या वेळेस ऑफिसमध्ये बसून हेच काम करायचं असेल तर उपयोग नाही. एफटीपी शिकून घ्या, आजच. तो टीसीपीवर चालतो, ३२ एमबीचा प्रश्नच नाही आणि पावत्यांसाठी थांबत नाही म्हणून वेगही चांगला. लॅपटॉपवर फाइलझिला सर्व्हर, त्यात एक यूजर, राउटरवर ‘आयपी एफटीपी यूजरनेम’ आणि ‘आयपी एफटीपी पासवर्ड’, मग ‘कॉपी एफटीपी फ्लॅश०’. फायरवॉलमध्ये त्यालाही तशीच परवानगी द्या. काम झालं की दोन्ही ओळींपुढे ‘नो’ लावून काढून टाका, पासवर्ड कॉन्फिगमध्ये पडून राहायला नको.

सगळ्यात चांगला मार्ग एससीपी आहे कारण तो एसएसएचवरून जातो, सगळं एन्क्रिप्टेड. पण तो आज रात्री नको. त्यासाठी ‘एएए न्यू-मॉडेल’ (लॉगिन तपासायची वेगळी पद्धत) आणि त्याचं ऑथरायझेशन लावावं लागतं आणि ते चुकलं तर आपणच राउटरच्या बाहेर राहतो. एखाद्या दिवशी कन्सोल चालू ठेवून, दुसरं सेशन उघडं ठेवून करा. तेव्हा एक लक्षात ठेवा, २०२२ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ९.० पासून ‘एससीपी’ कमांड आतून एसएफटीपी वापरते आणि जुन्या राउटरला ते समजत नाही, तिथे ‘डॅश कॅपिटल ओ’ लावलं की जुन्या पद्धतीने जाते.

कोणत्याही रस्त्याने गेली तरी रीलोड करायच्या आधी ‘व्हेरिफाय स्लॅश एमडी५ फ्लॅश०’ आणि फाइलचं नाव. एमडी५ म्हणजे फाइलचा ठसा, जो आकडा येईल तो डाउनलोडच्या पानावरच्या आकड्याशी पूर्ण जुळला पाहिजे. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं पाहून सोडू नका, पूर्ण ओळ नोटपॅडमध्ये एकाखाली एक ठेवून पाहा.

---

बुटीबोरी_नेट
रविवार, रात्री १:१५

जुनी इमेज डिलीट नका करू भाऊ, २५६ मध्ये दोन्ही मावतात. ‘बूट सिस्टम’ च्या दोन ओळी लिहा, आधी नवी मग जुनी, म्हणजे नवी उघडली नाही तर तो जुनी उचलते. आणि कुठे ‘इरेज फ्लॅश बिफोर कॉपिंग’ विचारलं तर एंटर दाबू नका, ‘एन’ दाबा. जुन्या राउटरवर हे विचारते आणि नुसतं एंटर म्हणजे हो.

रीलोडच्या वेळेस राउटर यूपीएसवर आहे ना?

---

हिंगणा_रोड
रविवार, पहाटे २:२०

यूपीएसवर आहे, बॅटऱ्या याच वर्षी बदलल्या.

काकांचं आणि ताईंचं दोघांचंही करून पाहिलं. पेनड्राइव्हने आधी केलं कारण सोपं वाटलं, कॉपी पूर्ण झाली, काही एरर नाही, आणि एमडी५ जुळला नाही. हात गार पडले माझे, इथे ३५-३६ डिग्री असेल आत्तासुद्धा. लॅपटॉपवरच्या मूळ फाइलचा विंडोजच्या ‘सर्टयुटिल’ कमांडने एमडी५ काढला तर तो वेबसाइटशी जुळतो, म्हणजे फाइल पेनड्राइव्हवर जाताना खराब झाली. पेनड्राइव्ह तोच होता, वहीसोबत मिळालेला, किती वर्षांचा कोणास ठाऊक. मी एमडी५ न पाहता रीलोड केला असता तर?

ती फाइल राउटरमधून काढली आणि एफटीपीने केलं. टीएफटीपीपेक्षा कितीतरी लवकर झालं. एमडी५ जुळला, ३२ च्या ३२ अक्षरं, दोनदा पाहिली. बूट सिस्टमच्या दोन ओळी लिहिल्या, सेव्ह केलं, ‘शो व्हर्जन’ मध्ये कॉन्फिग रजिस्टर झीरो एक्स २१०२ आहे, म्हणजे नेहमीसारखं बूट. आता रीलोड देतो. समजा उठलाच नाही तर काय करायचं ते आधीच सांगून ठेवा.

---

जुना_लाइनमन
रविवार, पहाटे २:२८

मागे जुनी इमेज आहे, उठेल जी. तरी विचारलं ते चांगलं केलं. दोन्ही इमेज उघडल्या नाहीत तर तो ‘रॉममॉन’ (इमेजशिवाय चालणारा बूटचा छोटा प्रोग्रॅम) च्या प्रॉम्प्टवर येऊन थांबेल. तिथेही टीएफटीपीच कामात येते, म्हणून मी त्याला जुना म्हणतो पण टाकाऊ म्हणत नाही. केबल पहिल्या गिगाबिट पोर्टला, ०/० ला लावायची, पाच गोष्टी टाइप करायच्या, आयपी अ‍ॅड्रेस, आयपी सबनेट मास्क, डिफॉल्ट गेटवे, टीएफटीपी सर्व्हर आणि टीएफटीपी फाइल, सगळी नावं कॅपिटलमध्ये, मध्ये अंडरस्कोर, आणि मग ‘टीएफटीपीडीएनएलडी’. म्हणून टीएफटीपीडी६४ आत्ताच उतरवून ठेवा, राउटर बंद असताना इंटरनेट कुठून आणाल.

कन्सोलवरून एक्समॉडेमने पाठवायची पण सोय असते, पण ९६०० च्या वेगाने सेकंदाला फार तर ९६० बाइट जातात, ७५ एमबीला पावणेतेवीस तास लागतील. एकदा एका तालुक्याच्या गावी आम्ही छोट्या इमेजसाठी रात्रभर तसं बसलो होतो, कारण नेटवर्क पोर्टच गेला होता. तुमच्यावर ती वेळ नाही.

---

हिंगणा_रोड
रविवार, पहाटे २:५१

उठला!! कन्सोलवर पौंडच्या खुणांच्या ओळी येत गेल्या, चार-पाच मिनिटं मी खुर्चीवरून हललो नाही, मग लायसन्सचा मजकूर, मग इंटरफेस एक-एक करून अप. ‘शो व्हर्जन’ मध्ये नवी इमेज. इंटरनेट चालू, हेड ऑफिसचा टनेल चालू, गेटवर फोन करून विचारलं, वजनकाटापण चालू आहे.

बॅकअपच्या फाइली लॅपटॉपवर आहेत, उद्या एक कॉपी अकाउंट्सच्या तिजोरीत ठेवायला देतो, कारण सर्व्हर रूममध्येच ठेवल्या तर जळायच्या दिवशी त्याही जातील. तुम्ही तिघेही अनोळखी माणसं, रात्रभर माझ्यासाठी जागले. नागपुरात बर्डीकडे कधी आले तर कळवा, तर्री पोहा माझ्याकडून, हे अगदी मनापासून सांगतो.

---

पॅकेट_पाहणारी
रविवार, पहाटे २:५८

खूप छान झालं. झोपायच्या आधी टीएफटीपी आणि एफटीपी दोन्ही प्रोग्रॅम बंद करा, फायरवॉलमधल्या टिक काढा आणि प्रायव्हेटवाला फायरवॉल परत चालू करा, तो तुम्ही बंद ठेवला आहे. टीएफटीपीला पासवर्ड नसतो, चालू राहिला तर नेटवर्कवरचा कोणीही फाइलचं नाव ओळखून तुमचे कॉन्फिग उचलू शकतो.

आणि हे दर वेळेस हाताने करायला नको. राउटरवर ‘आर्काइव्ह’ मध्ये जाऊन ‘पाथ’ मध्ये सर्व्हरचा पत्ता द्या, ‘राइट-मेमरी’ लावा आणि ‘टाइम-पीरियड १४४०’. म्हणजे दर वेळी सेव्ह केलं की एक कॉपी आणि शिवाय १४४० मिनिटांनी, म्हणजे रोज एक. नावात डॉलर एच आणि डॉलर टी टाकलं की डब्याचं नाव आणि वेळ आपोआप लागते. सर्व्हर मात्र कायम चालू असणारा पाहिजे, लॅपटॉप नाही.

---

रामटेक_लिनक्स
रविवार, सकाळी ९:१०

मी कॉलेजला आहे, घरी जुन्या स्विचवर प्रॅक्टिस करून राहिलो. उबुंटूवर टीएफटीपीडी-एचपीए टाकलं, स्विचवरून पिंग होतो, फाइल स्विचकडे जातेपण, पण स्विचवरून उबुंटूवर घ्यायला गेलो की एरर येते. फायरवॉल नाही माझ्याकडे. ताई किंवा कोणी सांगेल का?

---

पॅकेट_पाहणारी
रविवार, सकाळी ११:३०

तो सर्व्हर नवीन फाइल बनवू देत नाही, आधीपासून असलेल्या आणि सगळ्यांना लिहिता येईल अशाच फाइलवर लिहू देतो. ‘एटसी डिफॉल्ट’ मधल्या टीएफटीपीडी-एचपीए फाइलमध्ये ऑप्शन्सच्या ओळीत ‘डॅश डॅश सिक्युअर’ च्या पुढे ‘डॅश डॅश क्रिएट’ जोडा, ‘एसआरव्ही टीएफटीपी’ फोल्डरची मालकी टीएफटीपी यूजरला द्या आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. तरी अडलं तर एरर जशीच्या तशी लिहा, टाइम आउट आहे की परमिशन आहे ते त्यातच कळतं.

---

रामटेक_लिनक्स
रविवार, सकाळी ११:५२

क्रिएट लावलं, मालकी बदलली, झालं ताई. व्हीलॅन डॉट डॅटपण घेतली.